सोनेरी रेघ ओढणारा मासा

पंचेचाळीस सेकंद. पाठीवर टाकी नसेल तर या समुद्रात तेवढाच श्वास पुरतो. पहिल्यांदा खेळायला बसले तेव्हा त्यातला निम्म्याहून अधिक वेळ मी एका माशाकडे बघण्यात घालवला. छोटासाच मासा, पिवळसर पर आणि अंगाच्या मानाने भलतेच मोठे गोल डोळे. ‘आत्या, वर ये, मरशील!’ शेजारी बसलेला माझा पंधरा वर्षांचा भाचा ओरडला, तोवर पडदा काळवंडायला लागला होता. धडपडत वर आले. समोर एक अवाढव्य जहाज जळत होतं आणि बाकी सगळीकडे नुसतं पाणी.

थोड्या वेळाने भूक लागल्याची सूचना आली. भाचा म्हणाला, ‘मगाचचा मासा पकड. पीपर म्हणतात त्याला. पकडायला सगळ्यात सोपा.’ पकडला, यंत्रात शिजवला, खाल्ला. त्या माशाबद्दल मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं.

गेली दोन वर्षं आमच्या घरात जेवणाच्या ताटावर या समुद्राच्या गप्पा चालतात. खेळ कसा जिंकायचा, हा विषय केव्हाच संपला. आता वाद असतो तो ‘लोअर’वर. या पिढीने हा शब्द सरसकट उचलला आहे. लोअर म्हणजे खेळात दिसणाऱ्या गोष्टीच्या आधी घडून गेलेली गोष्ट. इथे पूर्वी कोण राहत होतं, ते का गेले, हा सांगाडा कुणाचा, ती भिंत कुणी फोडली? जगभरातले खेळाडू अशा प्रश्नांवर तर्क मांडतात, पुरावे जमवतात, एकमेकांचे तर्क खोडून काढतात. त्याला ते ‘थिअरी’ म्हणतात. सुरुवातीला मला हा रिकामपणाचा उद्योग वाटायचा. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात खेळातली बरीच रहस्यं उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

बंदूक न देण्याचा निर्णय

या खेळाचं नाव ‘सबनॉटिका’. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अननोन वर्ल्ड्स’ या कंपनीने तो बनवला. डिसेंबर २०१४ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला. अशा विक्रीला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात: खेळाडू अर्धवट खेळ विकत घेतात आणि तो डोळ्यांसमोर पुरा होताना बघतात. पूर्ण खेळ बाहेर पडला २३ जानेवारी २०१८ रोजी. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

कथेची सुरुवात सोपी आहे. अल्टेरा नावाच्या बलाढ्य कंपनीचं ‘ऑरोरा’ हे अंतराळयान ४५४६बी या जलमय ग्रहावर कोसळतं. रायली रॉबिन्सन नावाचा एक कर्मचारी पाच क्रमांकाच्या लाइफपॉडमधून कसाबसा वाचतो. तो म्हणजे आपण. खायचं, प्यायचं, श्वास टिकवायचा आणि या ग्रहावरून निघून जायचं.

कंपनीचा याआधीचा नावाजलेला खेळ ‘नॅचरल सिलेक्शन’. तो बंदुकांचाच होता. ‘सबनॉटिका’वर काम सुरू होतं त्या काळात, १४ डिसेंबर २०१२ रोजी, अमेरिकेतल्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला आणि लहान मुलं मारली गेली. खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की त्या घटनेमुळे या खेळात बंदूक ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं. जगात आधीच आहेत त्यांत आणखी भर नको, अशी त्यांची भूमिका होती.

माझ्या मते या समुद्राबद्दल पुढे जे हजारो तर्क लढवले गेले, त्या सगळ्यांचं मूळ या एका निर्णयात आहे. बंदूक नाही म्हटल्यावर खेळाडूच्या हाती उरतो एक सुरा, आणि त्यापेक्षा कितीतरी कामाचा स्कॅनर. समोरच्या प्राण्यावर, झाडावर, मोडक्या यंत्रावर तो रोखायचा आणि काही सेकंद धीर धरायचा. मग त्या वस्तूची माहिती नोंदवहीत जमा होते. एखादा अजस्र प्राणी अंगावर येत असेल तर दोनच मार्ग असतात. पळायचं, नाहीतर जीव मुठीत धरून त्याच्या जवळ जाऊन त्याला स्कॅन करायचं. मारून टाकलेल्या प्राण्याबद्दल प्रश्न पडायला कुणाला सवड असते? इथे तो प्राणी जिवंत राहतो, उद्याही तिथेच असतो, आणि त्याच्या वाटेने रोज जायचं तर त्याला समजून घ्यावंच लागतं.

तीन घरं, तीन माणसं

गोष्ट कशी लपवली आहे, याचा एक नमुना देते. आपल्या दहा वर्षं आधी ‘डेगासी’ नावाचं दुसरं जहाज याच ग्रहावर कोसळलं होतं. त्यातून वाचलेली तीन माणसं: पॉल टॉर्गल हा जहाजाचा धनी, त्याचा मुलगा बार्ट, आणि मार्गरिट माइडा ही कणखर बाई. त्यांची हकिगत सलग कुठेच सांगितलेली नाही. तीन ठिकाणी त्यांची पडकी घरं सापडतात. एक तरंगत्या बेटावर, दुसरं जेलीश्रूम नावाच्या जांभळ्या गुहांमध्ये, तिसरं त्याहून खोल, ग्रँड रीफच्या तळाशी. प्रत्येक घरात काही ध्वनिमुद्रित नोंदी विखुरलेल्या आहेत. त्या कुठल्या क्रमाने हाती लागतील हे आपण कुठून कुठे पोहत गेलो त्यावर ठरतं.

मला आधी तिसरं घर सापडलं. छत उडालेलं, भिंती आत वाकलेल्या. कुणीतरी तिथे रोपं लावली होती, कुणीतरी टेबल मांडलं होतं. मग दुसरं सापडलं, आणि मार्गरिटचं म्हणणं कळलं, की वाचायचं तर खाली जायला हवं. शेवटी पहिलं सापडलं, तेव्हा बाप-लेकातला ताण कळला. मी ही गोष्ट उलटी वाचली. भाच्याने सुलटी वाचली होती. त्याच्या दृष्टीने ती हळूहळू बुडत गेलेल्या कुटुंबाची गोष्ट होती. माझ्यासाठी ती एका मोडक्या छतापासून मागे जात सापडलेल्या आशेची गोष्ट ठरली.

नोंदींनुसार त्या तिसऱ्या घरावर रीपर या भयंकर जलचराने हल्ला केला. पॉल तिथेच संपला. बार्ट कसाबसा वर बेटावर पोहोचला आणि तिथे एकटाच आजाराने गेला. मार्गरिट मात्र शेवटची दिसली ती रीपरशी झुंजताना. प्रेत नाही, पुढची नोंद नाही. ती जिवंत असणार, असा तर्क खेळाडूंनी तेव्हापासून धरून ठेवला. विरोधकांचं म्हणणं, की हा केवळ जीव गुंतल्याचा परिणाम. मे २०२१ मध्ये या खेळाचा पुढचा भाग ‘बिलो झिरो’ आला. त्यात बर्फाच्या प्रदेशात एक वयस्क, करारी बाई भेटते. तीच मार्गरिट. तिने रीपरला मारलं होतं आणि त्याच्याच कलेवरावर तरंगत ती तिकडे पोहोचली होती. हे कळलं त्या दिवशी भाचा शाळेतून येऊन दप्तरासकट उभा राहिला आणि म्हणाला, ‘सांगितलं होतं ना तुला?’

हातावर टोचलेली सुई

खेळातला सर्वांत मोठा धक्का किनाऱ्यावर बसतो. ‘सनबीम’ नावाच्या एका जहाजाचा कप्तान, अ‍ॅव्हरी क्विन, रेडिओवर कळवतो की आम्ही तुला न्यायला येतोय. उतरण्याची जागा ठरते, चाळीस मिनिटांची उलटी गणती सुरू होते. आपण त्या बेटावर जाऊन आकाशाकडे डोळे लावून उभे राहतो. ढगांतून जहाज दिसतं. त्याच क्षणी शेजारचा एक प्रचंड, परका मनोरा हलायला लागतो, हिरवा झोत सुटतो आणि सनबीमच्या ठिकऱ्या उडतात. ऑरोरासुद्धा यानेच पाडलं, हे तेव्हा उमगतं.

मनोऱ्याच्या आत गेलं की ते यंत्र बंद करायची जागा सापडते. आपण हात पुढे करतो. यंत्र हात धरतं आणि तळव्यात सुई टोचतं. रक्त तपासतं आणि हात झिडकारतं. मजकुराचा अर्थ लावला की कळतं: रोगी माणसाला हे यंत्र बंद करता येणार नाही, रोगी माणसाला या ग्रहावरून जाता येणार नाही. म्हणजे आपण रोगी आहोत. माशांच्या अंगावर जे हिरवट फोड दिसत होते, तेच आता आपल्या हातावर उमटायला लागतात.

तो मनोरा म्हणजे विलगीकरणाचा पहारेकरी. सुमारे हजार वर्षांपूर्वी या ग्रहावर एक प्रगत जमात आली होती. खेळाडू त्यांना ‘प्रीकर्सर’ म्हणतात, पुढच्या भागात त्यांना ‘आर्किटेक्ट’ असं नाव मिळालं. खारा नावाच्या जिवाणूने त्यांच्या जगात हाहाकार माजवला होता आणि त्यावर औषध शोधण्यासाठी त्यांनी इथे प्रयोगशाळा उभारल्या. पुढे रोग इथेच पसरला, ग्रहाला कुलूप लागलं, ती जमात नाहीशी झाली. यंत्र मात्र त्यांचा नियम हजार वर्षं पाळत राहिलं.

रोग पसरला कसा, हा तर्कशास्त्राचा सुंदर धडा आहे. लॉस्ट रिव्हर नावाच्या भूगर्भातल्या हिरव्या नदीत एक प्रयोगशाळा आहे, चक्काचूर झालेली. आत एका मोठ्या प्राण्याच्या अंड्याची चिरफाड केलेली दिसते. बाहेर सी ड्रॅगन या महाकाय जीवाची हाडं पडली आहेत, आणि त्याचा मृत्यू डोक्याला जबर मार बसून झाला असं स्कॅनर सांगतो. चिरलेलं अंडं, फुटलेली भिंत आणि फुटलेलं डोकं या तीन खुणा शेजारी शेजारी ठेवल्या, की एका आईने आपलं अंडं परत मिळवायला भिंतीवर डोकं आपटून जीव दिला, हे चित्र आपसूक उभं राहतं. त्या फुटलेल्या भिंतीतूनच रोग समुद्रात गेला.

मी भाच्याशेजारी बसून हे जुळवलं तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. तोवर सी ड्रॅगनला आम्ही फक्त घाबरत होतो.

तर्काची शिस्त

या मंडळींच्या तर्कांना शिस्त आहे. त्यांच्याकडे तीन टोपल्या असतात. पहिलीत खेळात प्रत्यक्ष सापडणारी वस्तू किंवा नोंद, म्हणजे ‘कॅनन’. दुसरीत निर्मात्यांनी खेळाबाहेर सांगितलेलं, किंवा सुरुवातीची वगळलेली चित्रं. तिसरीत आपल्या मनाची भर, म्हणजे ‘हेडकॅनन’. तिसऱ्या टोपलीतली गोष्ट पहिलीतली म्हणून खपवली, तर लगेच हटकलं जातं.

लॉस्ट रिव्हरमध्येच एक सांगाडा आहे. त्याच्या कवटीपुढे आपली पाणबुडी खेळण्यासारखी दिसते, आणि हा फक्त उरलेला भाग, बाकीचं शरीर कधीच नष्ट झालेलं. खेळाडू त्याला ‘गार्गॅन्च्युअन’ म्हणतात. हा जीव खारामुळे मेला, असा एक लोकप्रिय तर्क होता. त्याला एका ओळीत उत्तर मिळालं: जीवाश्म लक्षावधी वर्षांचा आहे आणि खारा इथे येऊन हजारच वर्षं झाली. तर्क गेला. दुसरा तर्क, की त्याचे वंशज ग्रहावर कुठेतरी अजून जगत असतील. तो मात्र तग धरून आहे. कारण आपण खेळतो तो भाग म्हणजे एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाचा फक्त माथा. त्याच्या कडेपलीकडे अथांग, काळंभोर पाणी आहे. तिथे गेलं की घोस्ट लेव्हायथन नावाचे निळसर, पारदर्शक राक्षस चालून येतात. त्यांची पिल्लं नदीत वाढतात आणि मोठी झाली की बाहेरच्या काळोखात जातात, हे स्कॅनर सांगतो. त्या काळोखात आणखी काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. काही चाहत्यांना नुसत्या तर्कावर समाधान मानवेना. त्यांनी ‘रिटर्न ऑफ द एन्शंट्स’ नावाची भर खेळाला स्वतःच जोडली आणि तो प्राणी जिवंत करून त्या पाण्यात सोडला.

तिसरा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. सुमारे १४०० मीटर खोलीवर, लाव्ह्याच्या प्रदेशात, आर्किटेक्टांनी एका प्राण्याला हजार वर्षं कोंडून ठेवलं आहे. ती सी एम्परर, या समुद्रातली शेवटची प्रौढ मादी. तिच्या पिल्लांच्या शरीरात ‘एन्झाइम ४२’ हे खारावरचं औषध तयार होतं. तिचं स्वतःचं शरीर आता इतकं थकलंय की ते पुरेसं होत नाही. आर्किटेक्टांनी अंडी जबरदस्तीने उबवून पाहिली, पिल्लं मेली. ती आपल्या मनात बोलते, आपल्याला खाली बोलावते, अंडी उबण्यासाठी काय लागतं ते सांगते. आपण ते आणून देतो. पाच पिल्लं जन्मतात, आपण बरे होतो, आणि ती मरते.

भाच्याचं म्हणणं, एम्पररने आपल्याला वापरून घेतलं. थेट मनात शिरून बोलणाऱ्याचा हेतू ओळखायचा कसा? ती मवाळ बोलते म्हणून आपण विश्वास ठेवला. मी म्हणते, तिने काहीच लपवलं नाही. काय हवं ते सरळ मागितलं, आणि आर्किटेक्टांनी बळाने जे मिळवू पाहिलं ते तिने आपल्या हाती राजीखुशीने दिलं. पण हेही कबूल करते, की त्याच्या प्रश्नामुळे मी तिचं प्रत्येक वाक्य पुन्हा ऐकलं. पटला नाही तरी पुन्हा ऐकायला लावतो तो तर्क वाया गेला असं मी म्हणणार नाही.

उत्तरं किती द्यायची?

पाण्याखालची इतर जगंही आहेत. २००७ च्या ‘बायोशॉक’मधलं रॅप्चर हे बुडालेलं शहर आपली शोकांतिका ध्वनिफितींतून इतकी तपशिलात सांगतं, की तिथला वाद घटनांवर कमी आणि विचारांवर जास्त होतो: बंधनच नको म्हणणारा समाज का कोसळला? दुसऱ्या टोकाला आहे २०१६ चा ‘अब्झू’. त्याच्या नावातच सुमेरी भाषेतले ‘पाणी’ आणि ‘जाणणे’ या अर्थांचे दोन शब्द आहेत. खेळात एकही संवाद नाही, फक्त भिंतींवरची चित्रं. आपण ज्याच्या रूपात पोहत होतो तो पाणबुड्या माणूस नसून यंत्र आहे, हेही शब्दांविना कळतं. तिथे तर्काला मोकळं रान आहे, पण पडताळून पाहायला फार थोडं.

‘सबनॉटिका’ या दोहोंच्या मधोमध उभा आहे. लेखक टॉम ज्युबर्ट यांनी नोंदी दिल्या, पण त्यांचा क्रम खेळाडूवर सोडला. खुणा दिल्या, पण काही निष्कर्ष उच्चारले नाहीत. ‘बिलो झिरो’मध्ये त्यांतल्या काहींना उत्तरं मिळाली. तिथे अल-अ‍ॅन नावाचा एक आर्किटेक्ट आपल्या नायिकेच्या, रॉबिन आयूच्या, मनात वस्तीला येतो, आणि पुढे कबूल करतो, की त्या अंड्यांच्या प्रयोगाची आणि त्यातून झालेल्या विनाशाची जबाबदारी त्याची होती. इतकी वर्षं ज्यांना ‘ते’ म्हणत होतो त्यांच्यातल्या एकाला अपराधाची जाणीव आहे हे ऐकताना मला भरून आलं. काही चाहत्यांना मात्र हे रुचलं नाही. मौन बाळगणाऱ्यांची गूढता गेली, असं त्यांना वाटलं. दोघांचंही बरोबर असू शकतं. अल-अ‍ॅनच्या बाकी जमातीचं काय झालं, हे तो खेळही सांगत नाही. रॉबिन त्याच्याबरोबर दारापलीकडे पाऊल टाकते आणि गोष्ट थांबते.

लपलेल्या गोष्टीवर तर्क लढवणं ही वाचनाचीच एक रीत आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. मुलं वाचत नाहीत, म्हणून आपण हळहळतो. पण फुटलेल्या भिंतीपाशी थांबून ती आतून फुटली की बाहेरून, हे तपासणारं मूल वाचत नाही तर काय करतं? पुरावा मागणं, आवडता तर्क चुकला तर सोडून देणं, आणि ज्याची भीती वाटते त्याची बाजू काय असेल असं विचारणं, हे सगळं माझा भाचा या समुद्रात शिकला.

पीपर

आता त्या माशाकडे वळते.

खेळ बराच पुढे गेल्यावर काही पीपर वेगळे दिसायला लागतात. ते पोहतात तेव्हा मागे बारीक सोनेरी रेघ उमटते आणि विरते. मी ती सजावट समजले होते. स्कॅन केल्यावर उलगडलं. कोंडलेली एम्परर आपल्या शरीरातलं थोडंसं औषध या पीपरांकरवी बाहेर पाठवत होती. तुरुंगातून वर जाणाऱ्या वाटांमधून ते ये-जा करत आणि समुद्रभर हिंडत. रोग मिटेल इतकं ते औषध नव्हतं, पण हा समुद्र अगदीच मरून न जाण्यामागे त्या रेघेचा वाटा होता. हजार वर्षं एक बंदिवान आई आणि तिचे हे छोटे निरोपे.

आणि आपण पहिल्या दिवसापासून तेच पकडून खात आलो. सगळ्यात सोपे म्हणून.

मागच्या महिन्यात भाच्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मी चहा घेऊन शेजारी बसले. तोच लाइफपॉड, तेच जळतं जहाज, आणि पाण्याखाली तेच मोठ्या डोळ्यांचे मासे. भुकेची सूचना आली. एक पीपर अगदी हाताशी होता. भाचा त्याला ओलांडून पुढे गेला आणि दगडाआडचा दुसरा मासा शोधत राहिला. त्याच्या हवेचे आकडे भराभर उतरत होते.

‘वर ये, मरशील!’ या वेळी मी ओरडले.

‘थांब गं आत्या,’ तो म्हणाला, ‘पीपर नाही खायचा.’